तगाई ते लाभार्थी : मावळातील सरकारी पैशाचा शब्दार्थ

शेतकऱ्याला सरकारने पैसा द्यावा की देऊ नये, दिल्यास कोणत्या रूपाने द्यावा, हा वाद आपल्याकडे संपण्याची चिन्हे नाहीत. तो बहुधा अर्थशास्त्राच्या परिभाषेत चालतो. तूट, बाजारभाव, उत्पादनखर्च, जागतिक व्यापार करार हे शब्द त्यात अपरिहार्यपणे येतात. भाषा आणि साहित्याच्या अभ्यासकाला याच प्रश्नाकडे जाण्याची आणखी एक वाट उपलब्ध आहे. राज्यसंस्थेने कुणब्याच्या हातावर जे ठेवले, त्याला तिने वेळोवेळी कोणते नाव दिले, हे पाहण्याची ती वाट. कौल, इस्तावा, तगाई, सूट, तहकुबी, मोबदला, अनुदान, माफी, सन्मान निधी अशी ही शब्दमालिका आहे. प्रत्येक शब्दामागे देणाऱ्याची एक भूमिका आणि घेणाऱ्याची एक प्रतिमा उभी असते. प्रस्तुत लेखात ही मालिका मुख्यतः मावळाच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न आहे.

मावळच का, असा प्रश्न येईल. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीच्या कुशीत पसरलेला हा मुलूख. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ अशी त्याची ओळख आजही बोलण्यात टिकून आहे. लोणावळ्याच्या अंगाला पाऊस कोसळतो आणि वडगाव, तळेगावाकडे येता येता तो झपाट्याने उतरतो. भात हे मुख्य पीक. खाचरे डोंगरउताराला धरून बांधलेली, म्हणून लहान. बांध फुटला की वर्षाचे पीक गेले. अशा प्रदेशात शेतकऱ्याला बैल, बियाणे आणि पोटाचा दाणा यांसाठी कोणाच्या तरी दारी जावे लागते. ते दार सावकाराचे असेल किंवा सरकारचे. म्हणूनच सरकारी मदतीचा इतिहास येथे पुस्तकी राहत नाही, तो खाचराच्या बांधापर्यंत पोचतो.

या इतिहासाचा आरंभ सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात धरता येईल. दुष्काळ आणि स्वाऱ्यांनी उजाड झालेला पुणे परगणा आणि मावळ पुन्हा लागवडीस आणण्याचे काम दादोजी कोंडदेवांच्या कारभारात झाले, असे बखरी सांगतात. पडीत जमीन करू लागलेल्या कुळाकडून पहिल्या वर्षी नाममात्र आणि पुढे दरवर्षी चढत जाणारा सारा घ्यायचा, ही त्या व्यवस्थेतील मुख्य तजवीज होती. हाच इस्तावा. रोख काही हातात पडत नव्हते, पण सुरुवातीच्या वर्षांचा सारा सोडणे हेही सरकारचे देणेच होते. त्या देण्याला अट एकच होती : जमीन कसली पाहिजे.

यापुढची पायरी शिवकालीन कागदपत्रांत दिसते. सभासदाच्या बखरीत, म्हणजे १६९४च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या मजकुरात, नव्याने येणाऱ्या रयतेला गुरेढोरे, बियाण्यासाठी आणि खाण्यासाठी दाणा-पैका देण्याची आणि तो ऐवज काही वर्षांनी, कुळाचा वकूब पाहून परत घेण्याची रीत नोंदवली आहे. बखर मागाहून लिहिलेली असते, म्हणून तिच्याकडे सावधपणे पाहावे लागते. येथे मात्र एका अस्सल पत्राचा आधार मिळतो. ५ सप्टेंबर १६७६ रोजी मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला शिवाजी महाराजांनी पाठवलेले आज्ञापत्र इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. प्रभावळी कोकणात आहे, मावळात नव्हे, परंतु घाटाखालच्या आणि घाटमाथ्यावरच्या भातशेतीची गरज फारशी वेगळी नव्हती.

या पत्राचा आशय थोडक्यात असा. सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत, कोणाजवळ माणूसबळ, बैल आणि दाणा आहे ते पाहावे. ज्याच्याजवळ सगळे आहे त्याने आपले शेत करावे. ज्याच्याजवळ माणसे आहेत पण बैल, नांगर वा पोटाला दाणा नाही, त्याला बैलांसाठी रोख पैसा आणि खाण्यासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्यावे. त्याला जेवढे शेत करवेल तेवढे करू द्यावे. वसुली करताना वाढीदिढी घेऊ नये. मुद्दल तेवढे, तेही त्याला शक्ती येईल तसे, हळूहळू घ्यावे. या कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असेही त्यात म्हटले आहे. मात्र त्यातून पडजमीन लागवडीस येऊन महसूल वाढला पाहिजे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे.

या पत्राला पुष्कळदा निव्वळ प्रजावात्सल्याचा पुरावा म्हणून उद्‌धृत केले जाते. ते वाचन अपुरे आहे. पत्रात करुणा आहे, तसा हिशेबही आहे. शिवाय हे दान नव्हे, बिनव्याजी कर्ज आहे. पत्राचा प्रारंभही ध्यानात घेण्याजोगा आहे. कुणब्याचा विषय येण्याआधी सुभेदाराला त्याच्या प्रामाणिकपणाच्या शपथेची आठवण करून दिली आहे आणि रयतेच्या भाजीच्या देठाचाही मोह धरू नये, असे बजावले आहे. वाटप करणाऱ्या हाताविषयीची ही शंका वाटपाइतकीच जुनी आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे एका शब्दावर थांबावे. कुणब्याला द्यायची ती ‘तवानगी’, असे हे पत्र म्हणते. फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ शक्ती, सामर्थ्य. पुढे पेशवाईत आणि इंग्रजी अमलात रूढ झालेला ‘तगाई’ किंवा ‘तकावी’ हा शब्द अरबी मुळाचा. त्या मुळाचा अर्थही बळ देणे असाच आहे. दोन भाषांतून आलेले दोन शब्द एकाच कल्पनेवर येऊन थांबतात. राज्यसंस्था शेतकऱ्याला बळ देते आणि त्या बळाची परीक्षा शेतात होते. येथे घेणारा याचक नसतो. अंगात काम आहे पण साधन नाही, असा तो मनुष्य असतो.

इंग्रजी अमलात शब्द तोच राहिला, पण त्याच्या भोवतीचा कागद वाढला. १८७५च्या मे महिन्यात सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि वह्या जाळल्या. १८७९मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. दुष्काळ आयोगानंतर १८८३चा जमीनसुधारणा कर्जाचा कायदा आणि १८८४चा शेतकरी कर्जाचा कायदा आला. पहिला विहिरी, बांधबंदिस्ती यांसारख्या कायमच्या सुधारणांसाठी, दुसरा बैल, बियाणे आणि संकटकाळची गरज यांसाठी. तगाईचे दोन्ही प्रकार आता कायद्याच्या कलमांत बसले. मात्र दोहोंत वसुलीची तरतूद जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे होती. व्याज आले, तारण आले, हप्त्याची तारीख आली. ‘शक्ती येईल तसे’ ही १६७६ची मोजपट्टी कलमात मावणारी नव्हती. ती सुभेदाराच्या डोळ्यांवर आणि इमानावर अवलंबून होती. परक्या सरकारने माणसाऐवजी जमिनीच्या कागदावर विश्वास ठेवला. त्याचा परिणाम असा, की ज्याच्या नावावर जमीन त्याची पत. ज्याच्या नावावर काही नाही, तो पुन्हा सावकाराच्या ओट्यावर.

याच १८८३ साली जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. असूड हा आरोपग्रंथ म्हणून आपण शिकवतो, पण त्याच्या शेवटाकडे येणाऱ्या सूचना वर्गात घाईने उरकल्या जातात. लष्कर आणि पोलिसांच्या फावल्या श्रमातून ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत, पाण्याची सोय करावी, उत्तम पीक काढणाऱ्यास प्रदर्शनात बक्षीस द्यावे, अशा त्या सूचना आहेत. हातावर पैसा ठेवण्यापेक्षा शिवारात काम उभे करण्यावर फुल्यांचा भर आहे. पावसाबरोबर वाहून जाणारी माती हे त्यांच्या दृष्टीने शेतकऱ्याचे खरे नुकसान होते. मावळातील उताराच्या खाचरांना ही सूचना किती लागू आहे, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मावळात सरकारी व्यवहाराचा आणखी एक शब्द आला : मोबदला. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे धरणे झाली आणि १९१५मध्ये खोपोलीच्या वीजकेंद्रातून मुंबईला वीज जाऊ लागली. त्यानंतर आंदर मावळात ठोकळवाडीचे धरण झाले. मावळाला लागून असलेल्या मुळशी पेट्यात तर १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकरी सत्याग्रहाला बसले. पुढे सेनापती बापट हे या लढ्याचे सर्वांत ठळक नाव झाले. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासाने या लढ्यातील एक अडचणीची बाब पुढे आणली. मुळशीतील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या. त्यांना मोबदला हवा होता, जमीन नको होती. कसणाऱ्या मावळ्यांना जमीन हवी होती, पण मोबदल्याच्या कागदावर त्यांचे नाव सर्वत्र नव्हते. म्हणजे एकाच खाचराचे दोन धनी होते, एक कागदावरचा आणि एक चिखलातला. पैसा कागदाकडे गेला.

पवना धरणाच्या निमित्ताने हाच प्रश्न स्वातंत्र्यानंतर पुन्हा उभा राहिला. १९७०च्या दशकाच्या आरंभी धरण पुरे झाले आणि विस्थापितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. धरणाचे पाणी बंद वाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्यास विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबार झाला आणि तिघांचा मृत्यू झाला. मोबदला या शब्दाचा अर्थ बदली दिलेली वस्तू असा आहे. कोणत्या वस्तूची बदली पैशाने होऊ शकते आणि कोणत्या नाही, हे ठरवताना शेतकऱ्याला कोणी विचारत नाही, ही मावळची जुनी तक्रार आहे.

स्वातंत्र्योत्तर काळातील मुख्य शब्द अनुदान. कूळकायद्याने, विशेषतः १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाने, कसणारा आणि मालक यांतील अंतर कमी करण्याचा प्रयत्न केला. त्यापुढचे पाऊल म्हणजे कसणाऱ्याला भांडवल पुरवणे. पण अनुदानाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या हाती कधी आलाच नाही. १९७७पासून खतावरील अनुदान कारखान्यांना मिळू लागले आणि शेतकऱ्याला ते पोत्यावरील किमतीच्या रूपाने कळले. दुसरीकडे शरद जोशी यांनी शेजारच्या चाकण परिसरातून १९८०मध्ये कांदा आंदोलन उभे केले आणि पुढे ‘उणे सबसिडी’चा मुद्दा मांडला. सरकार एका हाताने खत स्वस्त देते आणि निर्यातबंदी करून, भाव पाडून दुसऱ्या हाताने त्याहून अधिक काढून घेते, असा त्याचा अर्थ. ‘कर्जमाफी’ नव्हे ‘कर्जमुक्ती’ म्हणा, हा त्यांचा आग्रहही याच विचारातून आला होता. माफी अपराध्याला असते आणि शेतकऱ्याने अपराध केलेला नाही. भाषेच्या अभ्यासकांनी जी मीमांसा करायची, ती येथे एका शेतकरी नेत्याने केली.

अनुदानाच्या काळात मावळ बदलला. १९९०पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. २००५-०६मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाले. तळेगावजवळ पुष्पोद्यान उभे राहिले, पवन मावळात गुलाबाची पॉलिहाउसे दिसू लागली आणि फेब्रुवारीच्या चौदा तारखेचा हिशेब मावळातील शेतकऱ्याच्या पंचांगात शिरला. हे यश खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र या अनुदानाची रचना पाहावी. २०१४च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पॉलिहाउसला खर्चमर्यादेच्या निम्मे अनुदान, तेही एका लाभार्थ्याला ४,००० चौरस मीटरपर्यंत. ते सामान्यतः उभारणी झाल्यावर, तपासणीनंतर मिळते. म्हणजे आधी लाखांचा खर्च स्वतः किंवा बँकेच्या कर्जाने करायचा, मग सरकार निम्मा भार उचलणार. १६७६च्या पत्रातील क्रम याच्या उलट होता. तेथे ज्याच्याजवळ बैल आहेत त्याने आपले शेत करावे आणि ज्याच्याजवळ नाहीत त्याला आधी द्यावे, असे होते. येथे ज्याच्याजवळ आहे, त्याला आणखी मिळते. शिवाय ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात मावळातील पॉलिहाउसांची छते उडाली, तेव्हा कर्ज शेतकऱ्याच्या नावावर तसेच राहिले.

याच काळातील एक सरकारी देणे मात्र कोणत्याही यादीत लागत नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७मध्ये ‘इंद्रायणी’ हा भाताचा वाण प्रसारित झाला. आंबेमोहोराचा सुवास आणि आयआर-८चे उत्पन्न यांचा तो संकर. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्रावर सरकारचा पैसा खर्च झाला, तो सार्वजनिकच होता. पण बियाणे घेताना कोणी उतारा मागितला नाही. मालक, अर्धेलीने कसणारा, भावाच्या नावावरचे खाचर करणारा, सगळ्यांनी ते पेरले आणि शेजाऱ्याला दिले. लोणावळ्याजवळ उगम पावणाऱ्या नदीचे नाव त्याला मिळाले, हेही उचितच. याच नदीत, देहूला, तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते बुडवली, असे परंपरा सांगते. मराठीतील सर्वांत प्रसिद्ध कर्जमुक्ती खाजगी होती आणि तिला पात्रतेच्या अटी नव्हत्या.

एकविसाव्या शतकात माफी आणि सन्मान हे दोन शब्द आले. २००८च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांचे पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ झाले, पण ते बँका आणि सोसायट्यांचे. सावकाराचे कर्ज तसेच राहिले. २०१७च्या राज्याच्या योजनेला छत्रपती शिवाजी महाराजांचे आणि २०१९च्या योजनेला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. पहिलीची मर्यादा दीड लाख, दुसरीची दोन लाख. ज्या दोघांनी शेतकऱ्याला काय द्यावे यावर लिहून ठेवले, त्यांचीच नावे योजनांना मिळाली. पण एकाच्या पत्रात मुद्दल परत घेण्याची अट होती आणि दुसऱ्याचा भर बांधबंदिस्तीवर होता, हे नाव देताना कोणी वाचले होते का, असा प्रश्न पडतो.

फेब्रुवारी २०१९मध्ये ‘प्रधानमंत्री किसान सन्मान निधी’ सुरू झाला. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात. २०२३पासून राज्याच्या ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’चे आणखी ६,००० त्यात मिळाले. महिन्याला हजार रुपये. दहा गुंठ्यांच्या खातेदारालाही तेवढेच आणि पाच एकरांच्या खातेदारालाही तेवढेच. या योजनेचा गुण मान्य केला पाहिजे. मधला हात गेला. भाजीच्या देठाची चिंता करावी लागत नाही. गावोगाव फिरणाऱ्या सुभेदाराच्या लहरीवर शेतकरी अवलंबून राहत नाही. ज्यांनी तालुक्याच्या कचेरीत खेटे घातले आहेत, त्यांना ही सुटका लहान वाटणार नाही.

पण या सुटकेची किंमत कोठे मोजली जाते, ते सातबाऱ्यात पाहावे. सातबारा हा शब्द आपण एकच असल्यासारखा वापरतो. वस्तुतः ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची आहे. गाव नमुना बारा सांगतो तिच्यात काय पिकले आहे. शिवकालीन पत्राची नजर बारावर होती : कोण कसतो, त्याला काय कमी पडते. सन्मान निधीची नजर सातवर आहे. नमुना सातवर नाव असलेले कुटुंब पात्र, मग खाचर पडीक असले तरी. अर्धेलीने कसणारा अपात्र, मग त्याने चिखलणीत पावसाळा घालवला असला तरी. भूमिहीन कातकरी तर या कागदावर कोठेच नाही, जरी आवणीच्या दिवसांत त्याच्या हातांवाचून अनेकांची लावणी उरकत नाही. प्राप्तिकर भरणाऱ्यांना योजनेतून वगळले आहे, हे खरे. परंतु वगळण्याच्या याद्या कितीही नेमक्या झाल्या, तरी न कसणाऱ्याला वगळणे म्हणजे कसणाऱ्याला ओळखणे नव्हे.

मावळात हा प्रश्न इतर ठिकाणांपेक्षा तीव्र आहे. २००२मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि त्याच्या दोन्ही अंगांना जमिनीची किंमत पिकाच्या हिशेबाबाहेर गेली. शेतजमीन घेण्यास शेतकरीच असावे लागते, ही १९४८च्या कूळकायद्याच्या ६३व्या कलमाची अट कसणाऱ्याच्या रक्षणासाठी होती. आज शेतकरी असणे हा अनेकांच्या बाबतीत व्यवसाय राहिला नसून दाखला झाला आहे. खाचराला कुंपण पडते, आत बंगला होतो, उरलेल्या जागेत गवत वाढते आणि नमुना सातवरचे नाव शेतकऱ्याचेच राहते.

शब्दांकडे परत येऊ. तगाई घेणारा बळ घेत होता. लाभार्थी या शब्दाची फोड केली तर लाभाची इच्छा करणारा असा अर्थ निघतो. त्याच्याकडून काही अपेक्षित नाही आणि त्याला काय कमी आहे, हेही कोणी विचारत नाही. सन्मान हा शब्द वरून जोडला, तरी आतला संबंध बदलत नाही. जुनी व्यवस्था परत आणावी, असे येथे सुचवायचे नाही. तीत सुभेदाराची मर्जी होती, महसुलाची हाव होती, आणि तिचे नमुने थोडेच उरले आहेत. पण ‘काय दिले’ याबरोबर ‘कोणाला आणि कशासाठी’ हा प्रश्न तीत विचारला जात होता. आजच्या शासननिर्णयांतून तो गळून गेला आहे. शासननिर्णय हा आपल्या काळातील सर्वाधिक परिणाम घडवणारा मराठी गद्यप्रकार आहे. बखरी आणि आज्ञापत्रे आपण अभ्यासक्रमात लावतो, त्याच गांभीर्याने विद्यार्थ्यांसमोर हे गद्यही ठेवायला हवे.

१६७६च्या पत्राचा सारा खटाटोप पडजमीन लागवडीस यावी म्हणून होता. पड हा शब्द आजही नमुना बारावर लिहिला जातो. मावळात तो ज्या खाचरांपुढे लिहिला जाईल, त्यांच्या सातवरील नावांनाही हप्ता पोचेल. शेजारच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस कोण, हे मात्र त्या उताऱ्यातून कळणार नाही.